"पिक्सेलने कोणाचं काय बिघडतं?" या पोस्टला उत्तर

फोंडेकर:
गोव्यातल्या मांद्र्याच्या होमस्टेवाल्यांनी काल लिहिलं, "साइटवर पिक्सेल लावला तर बिघडलं कुठे? ज्याला लपवायचं नाही त्याने घाबरू नये." पिक्सेल म्हणजे पान कोणी पाहिलं ते जाहिरात कंपनीला कळवणारं न दिसणारं चित्र. बाब, माझ्या वहिनीने एका लॅबच्या साइटवर वंध्यत्वाच्या तपासण्यांचे दर पाहिले. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. लगेच त्याच अकाउंटवर चालणाऱ्या घरच्या टॅबवर, सासूच्या हातात, आयव्हीएफच्या जाहिराती. मी लॅबचं ते पान उघडून ते कुठून काय मागवतं हे ब्राउझरमध्ये पाहिलं. सापडला पिक्सेल: एक बाय एकचं पारदर्शक जिफ चित्र, ४३ बाइट. डोळ्यांना काही दिसत नाही. पण ते मागवताना जाहिरात कंपनीला पोचलं काय? पानाचा सबंध पत्ता, त्यात तपासणीचं नाव, स्क्रीनचं माप, वेळ, आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, वर जुनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये आधीच ठेवलेली ओळखीची खूण. खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं. वहिनीने कसला गुन्हा लपवला होता?

होमस्टेवाला, मांद्रे:
वहिनींचं वाईट वाटलं. पण लॅबचा राग आमच्यावर का? बुकिंगवाले प्रत्येक खोलीमागे कमिशन कापतात, पावसाळ्यात खोल्या रिकाम्या. दर बघून गेलेल्याला पुन्हा जाहिरात दाखवली तरच थेट बुकिंग येतं.

पेडणेकरीण:
थेट बुकिंग कोणाचं? गावकऱ्यांची घरं उरलीत किती? भाटं-बागायती विकल्या, व्हिला उठले. मे महिन्यात आमच्या आवाठातल्या विहिरीचा तळ दिसतो आणि कुंपणापलीकडे स्विमिंग पूल काठोकाठ.

होमस्टेवाला, मांद्रे:
मी आजोबांच्या घरात धंदा करतो. एक वीत जमीन विकलेली नाही. तोंड सांभाळून बोला.

पेडणेकरीण:
तुम्ही नाही, शेजाऱ्याने विकली. टँकर मात्र तुमच्याही दारात उभा असतो. पर्यटक आणायला जाहिराती करता, पाण्याचं कोण बघणार?

होमस्टेवाला, मांद्रे:
माझ्या चार खोल्यांनी तालुक्याच्या विहिरी आटल्या का? व्हिलावाल्यांना विचारायची हिंमत करा.

साखळीकर:
विहिरींसाठी वेगळा धागा काढा. पिक्सेलचं एवढं अवडंबर नको. मेलमध्येही पिक्सेल असतात, पण जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं; ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० मध्ये बाहेरच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या कुकी बंद केल्या. ब्राउझरमध्ये पिक्सेल अडवणारं यूब्लॉक घाला, विषय संपला.

फोंडेकर:
संपला कसा? जीमेलमुळे आयपी झाकला जातो, मेल उघडल्याची नोंद होतेच. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड, त्यावरच्या क्रोममध्ये तुमचं यूब्लॉक बसत नाही. बाहेरच्या कुकी काढायचा बेत गूगलने २०२४ मध्ये सोडून दिला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंटच्या पानांवर फेसबुकवाल्या मेटाचा पिक्सेल सापडला. तिथल्या रुग्णांनी काय घालायला हवं होतं? आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यात संमतीची अट आहे. ती पिक्सेल चालण्याआधी घ्या, नंतर नव्हे.

साखळीकर:
अँड्रॉइडचं मान्य. बाकी मत तेच.

होमस्टेवाला, मांद्रे:
चवथीला मुलगा घरी येईल, त्याला सांगून आधी विचारणारं बटण लावतो. नको म्हणेल त्याच्यावर पिक्सेल चालणार नाही. पण बुकिंग घटलं की कमिशन माझ्याच खिशातून जाणार, त्यावर तुमच्यापैकी एकानेही तोंड उघडलेलं नाही.