शिंपल्यांनी गच्च भरलेला कच्छचा वाळूचा दगड: सगळे एकदम मेले का?

मुग्धा_पार्ले
सासरे भुजला नोकरीला होते तेव्हा त्यांनी आणलेला एक दगड आमच्या शोकेसमध्ये आहे. वहीएवढा, पिवळट-तपकिरी, हाताला खरखरीत. मागे त्यांच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली: 'उमिया, कच्छ'. पुढच्या बाजूला जाड, तिकोनी शिंपले, अंगावर ठळक कंगोरे. कडेने पाहिलं तर शिंपल्यांचा थर दोन बोटं जाड, खाली नुसती वाळू. मुलगी विचारते, एवढे शिंपले एकदमच मेले का? आणि फटींतली माती काढायला बाथरूमचं ॲसिड चालेल का?

खडकवेडा
मुग्धाताई, ॲसिड अजिबात नको! शिंपले चुन्याचे, आणि वाळूचे कण धरून ठेवणारा मसालाही बहुतेक चुन्याचाच. दोन्ही विरघळतील. साधं पाणी, मऊ ब्रश, सावलीत वाळवा. चिठ्ठी भिजू देऊ नका. गाव कळलं नाही तर जीवाश्माची निम्मी माहिती गेली.

वर्णनावरून हे ट्रायगोनिया, म्हणजे तिकोनी समुद्री शिंपल्यांचा एक प्रकार. उमियाच्या थरांतले ट्रायगोनिया अभ्यासकांना चांगले ठाऊक आहेत; एफ. एल. किचिन यांनी १९०३ मध्ये कच्छच्या ट्रायगोनियांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. वय साधारण १४-१५ कोटी वर्षं. भारत आफ्रिकेपासून सुटत होता, जमीन खचून कच्छवर उथळ समुद्र आला होता. या घराण्याची एकच शाखा आज जिवंत आहे, ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात.

एकदम मेले असतीलच असं नाही. उथळ समुद्रात मेलेल्यांची कवचं वर्षानुवर्षं तळाशी पसरतात. मग वादळ येतं, लाटा तळ ढवळतात, बारीक वाळू वाहून जाते आणि जड कवचं मागे उरतात, सुपात पाखडल्यासारखी. म्हणून दोन बोटांच्या थरात पुष्कळ वर्षांचे शिंपले असू शकतात. मला हाच भाग सगळ्यात आवडतो: नुसत्या शिंपल्यांपेक्षा ते कसे पडलेत, यातून समुद्र जास्त कळतो. भिंग घेऊन मुलीला दोन गोष्टी बघायला सांगा. झडपा, म्हणजे शिंपल्याची दोन अर्धी कवचं, जोडीने आहेत की सुट्या? आणि फुगीर बाजू कुठे?

वरळीकर
असे समुद्री शिंपले आपल्या मुंबईच्या दगडात का नाहीत?

खडकवेडा
आपला काळा पत्थर म्हणजे लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यात शिंपले कुठून येणार? पण दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली, आणि तुमच्या वरळीच्याच अशा थरांतून बेडकांचे जीवाश्म मिळालेत. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. ते मात्र गोड्या पाण्यातले. वरळीत राहून हे माहीत नसणाऱ्यांना मी अगदी आग्रहाने सांगतो.

मुग्धा_पार्ले
लेकीने पाहिलं. बहुतेक सुट्या झडपा, फुगीर बाजू आपल्याकडे. दोन जोड्या मात्र घट्ट मिटलेल्या.

खडकवेडा
शाब्बास! प्रवाहात सुटी झडप फुगीर बाजू वर करून स्थिरावते, तशी ती सहसा उलटत नाही. म्हणजे शिंपल्यांची बाजू तेव्हाही वरच असावी, चिठ्ठीची बाजू तळाकडे. मिटलेल्या दोघी मात्र पटकन गाडल्या गेल्या असणार, नाहीतर मेल्यावर झडपा उघडून सुट्या होतात. हे सगळं एका कागदावर लिहा, वर-खाली बाण काढा आणि चिठ्ठीशेजारी ठेवा. तारीख आणि लेकीचं नावही घाला.