20 डॉलरच्या गेमचे 1,700 होतील वाटलं, कापले 2,089. हे बरोबर आहे का?

सेलूचा_गेमर:
राम राम मंडळी. मागच्या आठवड्यात बाहेरच्या एका ऑनलाइन स्टोअरवरून गेम घेतला, नाव घेत नाही. रुपयात किंमत नव्हतीच, 20 डॉलर लिहिलेलं. मी 85 चा भाव धरून हिशोब केला, 1,700 आले, बाबांना तेवढेच सांगितले अन् त्यांच्या कार्डावरून घेतला. लगेच बँकेचा मेसेज, 2,006 गेले. मग स्टेटमेंट आलं तर त्यात आणखी 83 रुपये वेगळे. बाबा काही बोलले नाहीत पण त्यांनी त्या 83 ला पेनानं गोल केलाय, तो कागद टीव्हीजवळ तसाच पडलाय अन् मला लई वाईट वाटायलंय.

आपण मोंढ्यात सोयाबीन घातलं की पट्टीवर हमाली किती तोलाई किती सगळं लिहून येतं. इथं पैसे जाईपर्यंत काहीच कळंना. अन् हाच गेम मामेभावानं दुसऱ्या स्टोअरवर रुपयात 880 ला घेतला! मग खरी किंमत कोणती? मला फसवलं का माझंच चुकलं, कुणीतरी नीट सांगा.

जालना_हिशोब:
भाऊ तुझं चुकलं नाही, तुला कुणी सांगितलंच नाही. आकडे माझ्याकडं जुळायलेत बघ. 20 डॉलरवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23.60 डॉलर. परदेशी कंपनीनं आपल्याला ऑनलाइन सेवा विकली की हा टॅक्स लागतोच, फक्त काही स्टोअर तो किमतीत धरूनच दाखवतात अन् काही शेवटच्या पानावर बारीक अक्षरात जोडतात. 23.60 गुणिले 85, झाले 2,006. आता ते 83: बँकेचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खरेदीवर बँक लावते ती जादा फी. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, म्हणजे 70 रुपये, अन् त्या फीवर परत 18 टक्के जीएसटी, 12 रुपये 64 पैसे. एकूण 2,089.

टॅक्सबद्दल माझी तक्रार नाही, तो सगळ्यांनाच आहे. तक्रार ही आहे की पे दाबायच्या आधी एकूण रक्कम रुपयात दिसत नाही. आणखी एक, रुपयात किंमत दिसली तरी दुकान परदेशात नोंदलेलं असेल तर काही बँका तेव्हाही फी लावतात, म्हणून आधी आपल्या कार्डाचं फीचं पान वाचून घ्यायचं. अन् बाबांच्या कार्डावरचा आंतरराष्ट्रीय वापर बँकेच्या ॲपमधून बंद करून ठेव, लागेल तेव्हाच चालू करायचा. 2020 पासून ही सोय सगळ्या बँकांना द्यावीच लागते.

उदगीर_पीसी:
एवढं डोकं कामून लावायचं, व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं इंटरनेटवर दाखवणारं ॲप) लावून टर्कीतून घ्या की, स्वस्तात पडतं.

लातूर_कन्सोल:
@उदगीर_पीसी दादा ते दिवस गेले. स्टीमनं, म्हणजे पीसी गेमच्या त्या मोठ्या ऑनलाइन स्टोअरनं, नोव्हेंबर 2023 मध्येच टर्की अन् अर्जेंटिना दोन्हीकडच्या किमती डॉलरवर नेल्या, तिथली चलनं लिरा अन् पेसो सारखी घसरायची म्हणून. शिवाय देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो, तोही तिथल्याच कार्डानं खरेदी केली तर, अन् खोटा देश दाखवला तर अकाउंट अडकतं. पण माझा खरा राग वेगळा आहे. बाहेरच्यांनी तिथून गेम उचलले म्हणून किमती चढवल्या की भोगतं कोण, तर इस्तंबूलचं ते पोरगं ज्याच्या बापाचा पगार लिरातच येतो. उद्या आपल्या रुपयाच्या किमतीबाबत कुणी असंच केलं तर आपल्याला चालंल का?

@सेलूचा_गेमर, 880 ही किंमत उपकार नाही रे. स्टीमवर नोव्हेंबर 2015 ला रुपया आला, त्याआधी आम्ही पण डॉलरच मोजायचो. स्टीम प्रत्येक देशासाठी किंमत सुचवतं, पण शेवटी आकडा गेम बनवणारा ठरवतो, म्हणून एक गेम परवडतो अन् दुसरा डॉलरला गुणून जसाच्या तसा येतो. पीएस फाईव्हचा (सोनीचं गेम खेळायचं मशीन) मोठा नवीन गेम अमेरिकेत 70 डॉलर अन् आपल्याकडं 4,999. डॉलरच्या भावानं बघितलं तर आपल्याला स्वस्तच वाटतो. आता मजुरीनं बघ. तिकडं सगळ्यात कमी कायदेशीर मजुरी तासाला सव्वासात डॉलर, म्हणजे 10 तासाचं काम. इकडं रोजगार हमीची मजुरी 2025-26 ला 312 रुपये दिवस, म्हणजे 16 दिवस! 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता, म्हणजे एक क्विंटल विकून पण तो गेम येत नव्हता, अन् हमीभाव तरी किती जणांच्या हातात पडला ते आपल्याला माहितीये. गेम फुकट द्या असं कुणी म्हणंना, पण एकच फाईल आहे, दुसरी कॉपी विकायला कंपनीला जवळपास काहीच खर्च नाही, मग किंमत माणसाच्या कमाईकडं बघून लावली तर कंपनीचं पण गिऱ्हाईक वाढतंच की.

जालना_हिशोब:
मजुरीचा हिशोब पटला. एक राहिलं, आता रागात रिफंड मागायचा असंल तर आधी विचारून घे. मी एकदा परत केला तेव्हा गेमचे पैसे आले, तेपण त्या दिवशीच्या डॉलरच्या भावानं, अन् बँकेची फी आलीच नाही.

सेलूचा_गेमर:
नाही, गेम ठेवतो, चांगला आहे. जालन्याच्या दादाचा हिशोब वहीवर उतरवून बाबांना दाखवला, टॅक्स वेगळा फी वेगळी, अगदी पट्टीसारखा. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला अन् म्हणाले, हे आधी लिहून दिलं असतं तर मी घे म्हणलोच असतो. गेम बनवणाऱ्यांना पण मेल लिहायलोय की त्या स्टोअरवर रुपयात किंमत लावा. लातूरचे दादा, तो मजुरीचा हिशोब त्यात घातला तर चालंल ना?