पेनने तांब्या-पेला काढताना तोंड टोकदार का होतं?

शाईचे_डाग
रोज घरातली एक वस्तू थेट पेनने काढतोय. अडकित्ता, खलबत्ता जमतात. तांब्या आणि स्टीलचा पेला मात्र फसतात. तोंड लिंबाच्या फोडीसारखं टोकदार होतं, बूड सपाट येतं, आणि छटा द्यायला गेलं की भांडं मातीचं वाटतं. कागद झेरॉक्सचा, पेन ०.५ जेल. आधी पेन्सिल फिरवायची नाहीये, त्याने मजाच जाते. काय चुकतंय?

वळणदार
दोन कंस काढून टोकाला जोडताय, म्हणून टोकदार. गोल तोंड तिरकं बघितलं की लंबगोल दिसतं, आणि लंबगोलाला कोपरा नसतो, तिथे रेघ फक्त झपकन वळते. डावं, उजवं, वरचं, खालचं असे चार बारीक ठिपके द्या, पेन कागदावर न टेकवता दोन-तीनदा फिरवा आणि मग एका दमात ओढा. मनगट नाही, कोपरापासून हात हलू दे. चुकली तर शेजारी दुसरी रेघ मारा, पहिली गिरवू नका.

बुडाचं कारण वेगळं. पेला टेबलावर सपाट टेकलाय हे माहीत असतं, म्हणून हात खाली सरळ रेघ मारतो. खुर्चीत बसल्यावर तोंड डोळ्यांच्या पातळीला जवळ असतं, बूड त्याच्या खाली. म्हणजे तोंड चपटं आणि बूड जास्त फुगीर दिसणार. तोंडाच्या लंबगोलाची उंची त्याच्या रुंदीच्या पाचवा हिस्सा असेल, तर बुडाच्या लंबगोलाची त्याहून जास्त येईल. हात ताठ, एक डोळा बंद, पेन आडवं धरून मोजा.

तांब्याच्या काठाला जाडी असते, त्यामुळे तोंडाशी एक नव्हे, दोन लंबगोल. त्यांच्यातली फट डाव्या-उजव्या टोकाला रुंद, पुढे-मागे अरुंद. सगळीकडे सारखी ठेवली की काठ वाकडा बसल्यासारखा दिसतो.

काळी_रेघ
छटांबद्दल. घासलेल्या धातूवर मऊ छटा फार कमी. काळ्याकुट्ट पट्ट्याला लागूनच कोरा कागद, हीच चकाकी. सगळीकडे हलक्या रेघा भरल्यात की ती गेली, आणि शाई परत पुसता येत नाही. डोळे किलकिले करून बघा. कोऱ्या सोडायच्या जागा आधी ठिपक्यांनी राखा, मग सगळ्यात काळी जागा भरा, मधलं शेवटी. पेल्यावर उभे पट्टे दिसतील. तांब्याच्या पोटावर खिडकी वाकून दिसते, बहुधा तुमचं डोकंही. ते तसंच्या तसं काढण्यात खरी गंमत आहे.

रेघांचा दुसरा थर काटकोनात टाकू नका, खिडकीच्या जाळीसारखा दिसतो. साधारण ३० अंशांत तिरका घ्या, तोही पहिला वाळल्यावर. खलबत्ता जमतो कारण दगड खरबरीत, तिथे ठिपके खपून जातात.

टाक_बोरू
अर्धा दोष कागदाचा आहे. झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद दोन-तीन थरांत मऊ पडतो, वर जेल पटकन वाळत नाही आणि तळव्याने फासते. १५० जीएसएमच्या पुढचा गुळगुळीत कार्ट्रिज (चित्रकलेचा जाड कागद) घ्या, हाताखाली कोरा कागद ठेवा. जलरंगाचा खरबरीत कागद नको, फायबर टोकाची पेनं त्यावर झिजतात. मायक्रॉन या ड्रॉइंग पेनांत ०१ नंबरची रेघ ०.२५ मिमी असते, ०५ ची ०.४५. दोन्ही ठेवा, एकाच जाडीत पेला तारेचा वाटतो.

टाक (शाईत बुडवून लिहायचं पेन) घेतलात तर नवी निब आधी साबणाने धुवा. तिच्यावर तेलकट थर असतो, शाई नीट धरत नाही आणि मध्येच थेंब सोडते. लाख घातलेली वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाई फाउंटन पेनात चुकूनही भरू नका, आतच वाळून बसते.

शाईचे_डाग
उभं राहून काढलं तर सोपं पडेल का?

वळणदार
तोंड जास्त उघडं दिसेल, तोंड-बुडातला फरक कमी होईल, त्यामुळे लंबगोल सोपे. पण पेल्याच्या बाजू खाली निमुळत्या होतात, त्या समांतर काढू नका. आधी आठवडाभर नुसती वाटी काढा.