माहिती अधिकारात ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळला, हे कलम बदललं कधी?

बांधावरचा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात घरकुलाच्या यादीत आधीच स्लॅबची घरं असलेल्यांची नावं आलीत आणि जिच्या घरावरचे पत्रे गेल्या पावसात उडून शेजारच्या उसात पडले ती म्हातारी अजून ताडपत्रीखाली राहतेय. म्हणून माहिती अधिकाराचा अर्जाचा नमुना, जोडपत्र अ, भरलं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि ग्रामपंचायतीत अर्ज टाकला, की तीन वर्षांत कोणाला मंजुरी मिळाली, कोणाला किती हप्ते गेले, पाहणी कोणी केली. अठ्ठाविसाव्या दिवशी अर्ध्या कागदावर दोन ओळी आल्या, माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार नाकारण्यात येत आहे, खाली गोल शिक्का. २०१९ ला ह्याच ग्रामपंचायतीने पानाला २ रुपये घेऊन मला अशीच यादी झेरॉक्स करून दिली होती! कलम तेच आहे ना, मग उत्तर उलटं कसं? मी रोज पेपर वाचतो, माहिती अधिकार बदलला असं कुठं वाचलेलं आठवत नाही.

सह्यकडा:
भाऊ, नंबर तोच राहिला, आतला मजकूर गेला. आणि तुम्हाला कळलं नाही ह्यात तुमची काही चूक नाही, कारण ह्या कलमासाठी वेगळं विधेयक कधी आलंच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, म्हणजे कंपन्या आणि ॲप आपली माहिती कशी वापरतात ह्यावरचा, ७ तारखेला लोकसभा, ९ ला राज्यसभा, ११ ला राष्ट्रपतींची सही, आणि बातम्या सगळ्या कंपन्यांना २५० कोटींपर्यंत दंड होणार ह्याच्या. त्या कायद्याचं सगळ्यात शेवटचं कलम ४४, इतर कायद्यांतल्या सुधारणांचं, तिथं आधी दूरसंचार नियामक ट्रायचा कायदा, मग आयटी कायदा आणि तिसऱ्या उपकलमात माहिती अधिकार. मोबाइल ॲपच्या कायद्यात घरकुलाची यादी अडकेल असं कोणाच्या डोक्यात येणार? नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले तेव्हा हे उपकलम लागू झालं.

आधी काय होतं बघा. वैयक्तिक माहिती असली तरी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर द्यावी लागायची, खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल तर नाकारता यायची, पण तिथंही व्यापक जनहित असेल तर द्यायचीच. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही, असं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, होतं. मला ते परंतुक कायद्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य वाटायचं, खरं सांगतो. हे सगळं काढून इंग्रजीत सहा शब्द ठेवलेत, अर्थ एवढाच की वैयक्तिक माहितीशी संबंधित असेल तर देणं बंधनकारक नाही. २०१० मध्ये मुंबईतल्या आदर्श सोसायटीत कोणाकोणाच्या नातेवाइकांना फ्लॅट मिळाले ते बाहेर यायला माहिती अधिकारच कामी आला आणि मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. आज तीच यादी मागितली तर कोणीही अधिकारी म्हणेल, फ्लॅट कोणाचा हे वैयक्तिक आहे.



निवृत्त_कारकून:
मी २२ वर्षं पंचायत समितीत काढली म्हणून दुसरी बाजूही सांगतो. एकाने आमच्या ऑफिसातल्या बाईंच्या रजेचे अर्ज आणि दवाखान्याची कागदं मागितली होती, हेतू सगळ्यांना माहीत होता, त्या बाई रडकुंडीला आलेल्या. असल्या अर्जांपासून माणसाला संरक्षण पाहिजेच, २०१७ ला सुप्रीम कोर्टानेही खासगीपणा हा मूलभूत हक्क सांगितला. पण तो अर्ज आम्ही जुन्याच कलमाने नाकारला होता हो! मग अटी काढायची गरज काय होती हे मला अजून पटलेलं नाही. आधी नाही म्हणायचं तर कारण लिहावं लागायचं, उद्या माहिती आयोगाने दिवसाला २५० रुपये दंड लावला तर ही भीती असायची. आता ‘वैयक्तिक’ एवढा एक शब्द लिहिला की फाइल बंद.

नीलमोहर:
दादा, हातपाय गाळू नका, पण उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील टाका, २० रुपयांचा स्टँप. तीन गोष्टी ठळक लिहा. कलम ८(२) अजून शाबूत आहे, नुकसानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, सरकारपण ह्याच कलमाकडे बोट दाखवतं, फक्त जनहित आहे हे आता आपल्यालाच पटवून द्यावं लागतं. दुसरं, कलम ४(१)(ख) मध्ये अनुदानाच्या योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायचा असं सांगितलंय, आणि तुमचं घरकुल पंतप्रधान आवासमधलं असेल तर लाभार्थ्यांची नावं योजनेच्या वेबसाइटवर गावनिहाय दिसतात, त्याची प्रिंट जोडा आणि विचारा की जे जगाला दिसतंय ते वैयक्तिक कसं. तिसरं, कलम १० प्रमाणे आधार, बँक खातं, मोबाइल नंबर झाकून बाकीचं द्या असं आपणहून लिहा. ग्रामसभेत पण विषय घ्या, तिथं वाचून दाखवायला लावा. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी ह्या बदलाविरुद्ध पहिल्यापासून बोलतायत, त्यांची भाषणं ऐका, जनहित कसं मांडायचं ते कळेल.

बांधावरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. नीलमोहर ताई, आत्ता वेबसाइट उघडून बघितली, सगळी नावं आहेत तिथं, जी मला देता येत नाहीत म्हणून लिहून दिलंय तीच! प्रिंट काढायला उद्या तालुक्याला जातो आणि अपील तिथंच पंचायत समितीत देऊन पोच घेतो. म्हातारीच्या घराचा फोटो जोडावा असं मनात आहे, जनहित दिसायला, पण आधी तिला विचारतो आणि ती नको म्हणाली तर नाही जोडणार.