अनुभव धागा: उघड्या मैदानात रोलिंग स्टोन्स

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडला उन्हाळ्यात, उघड्या मैदानात प्रत्यक्ष ऐकलेल्यांनी इथे अवश्य लिहावे. कोणती गाणी झाली हे कुठेही सापडते. ध्वनिमुद्रणातून न उमगलेले असे समोर काय उमगले, ते वाचण्याची उत्सुकता आहे. सुरुवात मीच करतो.

७ एप्रिल २००३, मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम. चर्चगेटला उतरून मैदानात शिरेपर्यंत सदरा अंगाला चिकटला होता. गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स तेव्हा एकोणसाठीत होते. जॅगरच्या धावपळीवर सगळ्यांचे डोळे खिळलेले असताना माझे लक्ष मात्र पडद्यावर मधूनमधून दिसणाऱ्या ड्रमवादक चार्ली वॉट्सकडे जात राहिले. डाव्या हाताचा ठोका समोरच्या स्नेअर ड्रमवर पडायच्या क्षणी तो उजव्या हातातली काडी हाय-हॅट या झांजांच्या जोडीवरून अलगद उचलून घेत असे, त्यामुळे तो ठोका एकटा, मोकळा ऐकू येई. इतकी वर्षे कॅसेटवर तेच ऐकत होतो, पण त्यामागची ही उचल डोळ्यांनी पाहिल्यावरच कळली. एकसष्टाव्या वर्षी, तेही मुंबईच्या दमट हवेत, हा गृहस्थ घामाघूम झाल्याचे निदान पडद्यावर तरी दिसत नव्हते!

*

आम्ही लंडनमध्ये राहतो. १३ जुलै २०१३ रोजी हाइड पार्कला गेलो, तेव्हा उन्हाने गवत करपले होते आणि पाण्यासाठी लांबच लांब रांगा होत्या. जुलैत इथे सूर्य मावळायला नऊ वाजून जातात, त्यामुळे पहिली काही गाणी लख्ख उजेडात झाली आणि दिव्यांच्या झगमगाटाआड लपणाऱ्या सुरकुत्या स्पष्ट दिसल्या. मला ते फार आवडले. ५ जुलै १९६९ रोजी, बँडचा आधीचा गिटारवादक ब्रायन जोन्स याच्या निधनानंतर दोनच दिवसांनी, याच उद्यानात झालेल्या मोफत कार्यक्रमात नवा गिटारवादक म्हणून उभा राहिलेला मिक टेलर या वेळी पाहुणा म्हणून आला होता. त्याचे सूर लांबत, वळणे घेत जाणारे, तर रिचर्ड्सचे तुटक आणि मधल्या जागा मोकळ्या सोडणारे. दोघे एकत्र वाजवू लागले तेव्हा हा फरक जितका स्वच्छ कळला, तितका आमच्या घरच्या स्पीकरांवर कधीच कळला नव्हता. आवाज मात्र वाऱ्यासरशी कमीजास्त होत होता. मागे उभे राहणाऱ्यांनी ते गृहीत धरूनच जावे.

*

धागाकर्त्यांनी चार्लीबद्दल लिहिले म्हणून थोडी भर घालते. २५ जून २०२२ रोजी हाइड पार्कलाच मी स्टोन्सना प्रथम ऐकले, परंतु चार्ली ऑगस्ट २०२१ मध्येच गेला होता. सुरुवातीला पडद्यांवर त्याची छायाचित्रे दाखवण्यात आली. त्याच्या जागी बसलेला स्टीव्ह जॉर्डन उत्तम, किंबहुना अधिक जोरकस वाजवतो; मात्र गिटारच्या किंचित मागे रेंगाळणारी ती जुनी चाल त्यात मला ऐकू आली नाही. ज्यांनी दोघांनाही ऐकले आहे, त्यांनी याबद्दल जरूर लिहावे.