मदत हवी आहे: आईच्या क्लिपवाल्या छोट्या प्लेअरमध्ये गाणी क्रमाने लागत नाहीत, मावशीची गाणी तर लागतच नाहीत

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. अमळनेरजवळच्या खेड्यातून लिहितोय. वस्तू छोटी आहे, पण आठ दिवसांपासून घरात तोच विषय चाललाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आईचं वय ७२. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात काचबिंदू. उजेड-अंधार कळतो, माणूस ती आवाजावरून ओळखते. टचचा मोबाईल तिच्या कामाचा नाही, नुसत्या काचेवर बोटाला काही लागत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला एक क्लिपवाला एमपीथ्री प्लेअर आणून दिला. काडीपेटीपेक्षा लहान, स्क्रीन नाही, मागे कपड्यांच्या चिमट्यासारखी क्लिप, पुढे मधोमध एक बटण आणि त्याच्या चार बाजूंना चार. कार्ड घालायचं, इअरफोन खोचायचा, झालं. कंपनीचं नाव त्यावर कुठेच नाही.

आई पहाटे पाचला ओट्यावर बसते. प्लेअर खांद्यापाशी पदराला लावलेला, एका कानात इअरफोन, दुसरा कान घरातल्या हाकेसाठी मोकळा. घरच्या कपाशीचा कापूस घेऊन वाती वळते आणि हरिपाठ ऐकते. मधलं बटण बोटाला लागावं म्हणून मी त्यावर टिकली चिकटवली होती. पहिल्या दिवशीच आपल्या अहिराणीत म्हणाली, "माले दिखस नही, पन हातले समजस." तेव्हापासून तिला गाण्यासाठी कुणाला हाक मारावी लागली नाही. आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

गेल्या वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माझी मावशी आठ दिवस आमच्याकडे राहिली. तिला साक्री तालुक्यात दिलेली होती. दुपारी ऊन उतरेपर्यंत दोघी बहिणी धाब्याच्या (मातीच्या छताच्या) खोलीत बसून गौराईची, झोक्याची, कानबाईची (आमच्या खानदेशातली देवी) गाणी म्हणायच्या. एकीला कडवं आठवलं नाही की दुसरी उचलायची. मी आणि मावसबहिणीने मिळून मोबाईलवर २२ गाणी रेकॉर्ड केली. पौषात मावशी गेली. आता हरिपाठ संपला की आईला ती गाणी लागतात.

इतके दिवस त्यातली आठच गाणी प्लेअरवर होती. यंदा आखाजीला मी बाकीची १४ टाकली, आणि तिथून सगळं बिघडलं.

नवीन १४ पैकी एकही लागत नाही. प्लेअर क्षणभर थांबतो आणि पुढच्या गाण्यावर जातो. पुतण्याने फाईलच्या नावापुढचं एमफोरए खोडून एमपीथ्री लिहून पाहिलं, तरी नाही. वरून जुना क्रमही मोडला. हरिपाठाच्या मधेच झोक्याचं गाणं येतं, मग भजन, मग परत हरिपाठ. फाईलींना १, २, ३ असे नंबर देऊन पाहिले, फरक नाही. आणि हरिपाठाची फाईल ५० मिनिटांची एकच आहे, मधे कुणी आलं म्हणून आईने बंद केला तर पुन्हा पहिल्यापासून.

चार्जिंगही आता दोन तासांच्या वर टिकत नाही, पूर्वी पाच तास पुरायचं.

तालुक्याच्या एका दुकानात दाखवलं. ते म्हणाले, कार्ड खराब झालंय, फॉरमॅट मारून देतो. माझं मन धजावलं नाही, कार्ड परत घेऊन आलो. काल पहाटे आई विचारत होती, "मन्ही बहीणना आवाज कोठे गया रे भाऊ?" कुणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा. श्रावणात कानबाई बसते, त्याआधी हे मार्गी लागावं असं फार वाटतं.

पिंपळपार

भाऊ, फॉरमॅट मारलं नाही हे फार चांगलं केलंत. आता दुसरं काहीही करण्याआधी ते कार्ड रीडरमध्ये घालून सगळंच्या सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. मग त्याची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर ठेवा. गेलेल्या माणसाचा आवाज एकाच कार्डावर ठेवायचा नसतो. माझ्या वडिलांचं एक भजन असंच हातचं गेलं आहे, म्हणून जीव तोडून सांगतोय.

ते झालं की इथे लिहा: कार्ड किती जीबीचं, आणि न लागणाऱ्या फाईलींची मूळ एक्स्टेन्शन काय होती?

बोरीकाठ

पिंपळपार दादा, आज दुपारी पहिलं काम तेच केलं. दोन प्रती झाल्या.

कार्ड ८ जीबीचं. जी आठ गाणी लागतात ती एमपीथ्री आहेत. न लागणाऱ्यांपैकी नऊ एमफोरए, ती माझ्या मोबाईलवरची. पाच फाईलींचं शेपूट ओपस असं आहे, ती मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर पाठवली होती. कॉम्प्युटरवर सगळी नीट वाजतात.

खरखर

कॉम्प्युटरवर वाजतात म्हणजे कार्ड खराब नाही आणि रेकॉर्डिंगही शाबूत आहे. दोष प्लेअरचाही म्हणता येणार नाही. या लहान प्लेअरना बहुधा एमपीथ्री आणि फार तर डब्ल्यूएमए एवढंच वाचता येतं. मोबाईलचा रेकॉर्डर बऱ्याचदा एमफोरए बनवतो आणि व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ओपसमध्ये असतो. नाव बदलून काही होत नाही, आतला माल तोच राहतो. फाईल खरोखर रूपांतरित करावी लागते. व्हीएलसी हे फुकटचं सॉफ्टवेअर दोन्ही प्रकार उघडतं, त्याच्या मीडिया मेनूतच कन्व्हर्टचा पर्याय आहे. तिथे एमपीथ्री निवडा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आई एकाच कानात इअरफोन लावतात, म्हणून चॅनेल एक, म्हणजे मोनो करा. स्टिरिओ ठेवलं तर दुसऱ्या बाजूचा आवाज त्यांना मिळतच नाही. जुन्या भजनांत कधी पेटी एकीकडे आणि गाणारा दुसरीकडे असतो, तेव्हा अर्धं गाणं हवेत जातं. आणि नुसत्या गळ्याच्या आवाजाला ६४ केबीपीएस (सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) पुष्कळ होतं. मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो, तुमच्या ८ जीबीत अडीचशे तासांहून जास्त मावेल.

आता क्रमाचं. तुम्हाला वाटतं प्लेअर नावं वाचून क्रम लावतो. साधे प्लेअर तसं करत नाहीत. कार्डावर प्रत्येक फोल्डरची एक यादी असते, आणि ज्या क्रमाने फाईली त्या यादीत बसल्या त्याच क्रमाने प्लेअर वाजवतो. पंगतीसारखं समजा. मधून एक जण उठला की नवा आलेला त्याच रिकाम्या पानावर बसतो, शेवटी जाऊन बसत नाही. तुम्ही जुनं एखादं भजन काढून नवीन गाणी टाकली असतील, ती त्या मोकळ्या जागांत जाऊन बसली. म्हणून हरिपाठाच्या मधे झोका.

उपाय असा. प्रती झाल्याच आहेत, तर कार्डावरची गाणी पूर्ण काढा. कॉम्प्युटरवर फाईलींना ००१, ००२ अशी तीन आकडी नावं द्या, इंग्रजी अक्षरांत. नुसते १, २, ३ दिले तर काही ठिकाणी १ नंतर थेट १० येतो. मग एकेक फाईल त्या क्रमाने कार्डावर टाका. सगळ्या एकदम ओढून टाकू नका, कॉम्प्युटर वाटेल तो क्रम धरू शकतो. फाईली जास्त असतील तर ड्राइव्हसॉर्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, ते कार्डावरची यादीच नावांप्रमाणे लावून देतं. कार्ड काढताना सेफली रिमूव्ह करायला विसरू नका.

आणि पुढेमागे कार्ड बदलाल तर ३२ जीबीच्या वर जाऊ नका. ६४ चं कार्ड बहुतेक एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतं आणि असे प्लेअर ते ओळखत नाहीत. नव्या कार्डावर पैसे घालून लोक तिथेच फसतात.

शिकाऊ_२१

एवढ्या खटपटीपेक्षा ब्लूटूथ स्पीकर किंवा बोलून गाणं लावणारं यंत्र घ्या ना काका. नाहीतर ॲपलचा जुना आयपॉड शफल बघा, क्लिपवाला, तोही बिनस्क्रीनचा.

खरखर

शफल मी वापरलाय. २००५ मध्ये पहिला आला, क्लिप २००६ च्या मॉडेलला लागली. २००९ च्या मॉडेलमध्ये गाण्याचं नाव बोलून सांगायची सोय आली, पण गाणी बदलायची बटणं अंगावरून काढून इअरफोनच्या वायरवर नेली. २०१० मध्ये ती परत अंगावर आणली आणि २०१७ मध्ये शफल बंदच झाला. वस्तू उत्तम होती, तरी इथे सुचवणार नाही. त्यात कार्ड लागत नाही, गाणी कॉम्प्युटरवरून आयट्यून्ससारख्या ॲपलच्याच सॉफ्टवेअरमधून भरावी लागतात, आणि आज जो मिळेल त्याची बॅटरी कित्येक वर्षांची जुनी असेल.

बोरीकाठ

शिकाऊ भाऊ, स्पीकरचा विचार केला होता. पण पहाटे घरात लहान मुलं झोपलेली असतात. बोलून चालणाऱ्या यंत्राला नेट लागतं, आमच्याकडे लाईट गेली की नेटही जातं. आणि आईला प्लेअर पदराला हवा असतो. ती ओट्यावरून गोठ्याकडे गेली की गाणं तिच्याबरोबर जातं.

भुसावळ_फलाट

चार्जिंगबद्दल विचारतो. प्लेअर ठेवता कुठे आणि चार्ज कशाने करता?

बोरीकाठ

पत्र्याच्या खोलीत खुंटीला अडकवलेला असतो. तिथेच दुपारी मोबाईलच्या फास्ट चार्जरला लावतो.

भुसावळ_फलाट

मग उन्हाळ्यात तो टिकणार कसा? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. यातली बॅटरी लिथियमची, नखाएवढी. उष्णतेने तिची ताकद कमी होते, आणि तापलेली असताना चार्ज केली तर आणखी लवकर. गेलेली ताकद परत येत नाही, उरलेली सांभाळायची. धाब्याच्या खोलीत देवळी असेल तर प्लेअर तिथे ठेवा. चार्जिंग रात्री उशिरा किंवा सकाळी लवकर करा, कॉम्प्युटरच्या यूएसबीला नाहीतर जुन्या साध्या चार्जरला लावून. दिवा बदलला की काढून घ्या. आणि एक नक्की बघा: क्लिपच्या बाजूने अंग फुगल्यासारखं दिसलं किंवा सांध्यात फट पडली तर तो वापरायचाच नाही. पदराला लावायची वस्तू आहे, तिथे चालढकल नको.

शहादेकरीण

माझ्या सासूबाईंसाठी हेच सगळं केलंय, म्हणून दोन गोष्टी सांगते.

घरात रेकॉर्ड केलेला आवाज बारीक असतो आणि विकतचा हरिपाठ मोठा. त्या बारीक गाण्यासाठी आवाज वाढवतात आणि पुढचं लागलं की कानात एकदम आदळतं. वयस्कर कानांना तो मार चांगला नाही. एमपीथ्रीगेन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर सगळ्या फाईलींचा आवाज एका पातळीवर आणतं. रूपांतर झालं की सगळ्या त्यातून काढा.

हरिपाठाचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा. एमपीथ्रीडायरेक्टकट हे सॉफ्टवेअर वापरलं तर आवाजाचा दर्जाही उतरत नाही. मात्र तुकडा अभंग संपल्यावरच पाडा, शब्दाच्या मधे नको. म्हणजे बंद केला तरी दोन-चार वेळा पुढचं बटण दाबून त्या आपल्या जागेवर येतात.

आणि टिकली नको भाऊ. एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका मधल्या बटणावर बसवा आणि रात्रभर वाळू द्या. आमच्याकडे दोन उन्हाळे निघाले, हललेला नाही. फक्त बटणाच्या कडेला, फटीत जाऊ देऊ नका, नाहीतर बटणच बसेल.

गाण्याच्या आधीमागची गडबड कापायची असेल तर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये कापता येते. पण कापण्याआधी आईंना एकदा ऐकवा.

पिंपळपार

ताईंचं शेवटचं वाक्य फार खरं आहे.

बोरीकाठ

उशिरा लिहितोय, माफ करा. शेताची नांगरट चालू होती, दोन रात्री बसून हे काम केलं.

१४ पैकी १२ गाणी आता प्लेअरवर लागतात. सगळी मोनो केली, आवाज एका पातळीवर आणला. हरिपाठाचे दहा तुकडे झाले, प्रत्येक अभंग संपतो तिथेच. एकेक फाईल हाताने टाकली आणि क्रम बरोबर लागला. पंगतीचं उदाहरण पुतण्याला इतकं पटलं की पुढची कामं त्यानेच केली. बॅटरी दोन तासांवरच आहे, पण अंग फुगलेलं नाही, आणि पहाटेचं आईचं ऐकणं तेवढ्यात होतं. प्लेअर आता देवळीत असतो.

राहिलेली दोन गाणी व्हॉट्सॲपवर आली तेव्हाच अर्धवट आली होती. मूळ रेकॉर्डिंग मावसबहिणीच्या जुन्या फोनमध्ये आहे. तो फोन चालू होतो असं ती म्हणाली. रविवारी साक्रीला जाऊन घेऊन येतो.

शहादेकरीण ताई, तुम्ही म्हणालात म्हणून कापण्याआधी आईला ऐकवलं. कानबाईच्या एका गाण्यानंतर मावशीला ठसका लागतो, ती पाणी मागते, भांड्याचा आवाज येतो. जवळजवळ अर्धा मिनिट. मी ते काढणार होतो. आज पहाटे मी ओट्यावर चहा घेत होतो, आई वाती वळत होती. गाणं संपलं तसे तिचे हात थांबले आणि ठसक्याच्या आधीच ती मला म्हणाली, "आते ती पानी मांगी." म्हणजे, आता ती पाणी मागेल.

ते तसंच ठेवलंय.