शनिवार-रविवारी परकीय चलनाच्या खरेदी आणि विक्री दरांतले अंतर का वाढते?

सिंहगडरोडकर

नमस्कार. माझी मुलगी म्युनिकमध्ये शिकते आणि तिच्या राहण्याच्या खर्चासाठी आम्ही अधूनमधून पुण्याहून युरो पाठवतो. बँकेच्या ॲपवर हा व्यवहार आता सुट्टीच्या दिवशीही नोंदवता येतो, आणि नोकरीमुळे आठवड्यात सवड मिळत नसल्याने मी तो बहुधा शनिवारीच करते. गूगलवर दिसणारा दर आणि बँकेचा विक्री दर यांत फरक असणारच, हे मला मान्य आहे. परंतु शुक्रवारी दुपारी हा फरक जेवढा असतो, त्यापेक्षा शनिवारी तो स्पष्टपणे जास्त दिसतो.

माझी अडचण अशी आहे की शनिवारी बाजार बंद असतो आणि दर जागचा हलत नाही. दर हलत नसेल तर बँकेला धोका कसला? माझ्या समजुतीप्रमाणे, दर क्षणाक्षणाला बदलत असताना, म्हणजे शुक्रवारी दुपारी, अंतर जास्त असायला हवे. माझे बंधू म्हणतात की ही निव्वळ नफेखोरी आहे. सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक अडलेले असते आणि बँक त्याचा फायदा घेते. यामागे काही व्यापारी कारण आहे का, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना डीलर

ताई, एका बँकेच्या परकीय चलन विभागात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. दर हलत नाही म्हणून धोका नाही, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण डीलरला दर हलण्याची भीती तितकीशी नसते. हललेल्या दराला आपली पोझिशन, म्हणजे अंगावर राहिलेली खरेदी किंवा विक्री, दुसऱ्याच्या गळ्यात घालता येणार नाही, ही भीती खरी असते. शुक्रवारी दुपारी आपण युरो घेतलेत, की डीलिंग रूममधला माणूस तेवढेच युरो बाजारातून काही क्षणांत घेतो. याला आम्ही कव्हर करणे म्हणतो. त्या काही क्षणांत दर कितीही नाचला तरी बँकेचे फार बिघडत नाही. शनिवारी आपल्याला विकलेले युरो मात्र सोमवारी सकाळपर्यंत कव्हर करता येत नाहीत, आणि सोमवारी दर कोठे उघडेल ते कोणालाच ठाऊक नसते. मार्केट यार्ड बंद असताना जो भाजीवाला उद्याच्या मालाची किंमत आजच ठरवून देतो, तो हात थोडा राखूनच ठरवणार.

युरोच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. बँक युरो-रुपया हा दर बहुतांशी दोन दरांच्या गुणाकारातून काढते, एक युरो-डॉलर आणि दुसरा डॉलर-रुपया. या दोन्ही बाजारांची वेळ निराळी असते. आपल्याकडे बँकांमधला डॉलर-रुपया बाजार सकाळी ९ ते दुपारी ३.३० पर्यंत चालतो. युरो-डॉलरचा आठवडा न्यूयॉर्कमधल्या शुक्रवारच्या संध्याकाळी ५ वाजता संपतो, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे २.३० वाजता, आणि अमेरिकेत हिवाळी वेळ सुरू असेल तर ३.३० वाजता. थोडक्यात, शुक्रवारी रात्री यातला एक दर चालू असतो आणि दुसरा झोपलेला असतो. शनिवारी दोन्ही झोपलेले असतात. जागतिक बाजार ४८ तास बंद राहतो, पण रुपयाचा देशातला बाजार शुक्रवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत तब्बल साडेपासष्ट तास बंद असतो. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ग्राहकांशी चोवीस तास परकीय चलनाचे व्यवहार करण्याची मुभा दिली, म्हणून आपल्याला शनिवारी दर मिळतो. तो द्यायचा की नाही आणि किती अंतर ठेवून द्यायचा, हे बँक ठरवते.

आता या धोक्याचे खरे स्वरूप पाहा. बहुतेक सोमवारी दर शुक्रवारच्या आसपासच उघडतो, आणि त्या प्रत्येक आठवड्यात शनिवारी घेतलेले जास्तीचे पैसे बँकेच्या खिशात राहतात. परंतु सुट्टीचे दिवस मोठ्या घोषणांसाठी मुद्दाम निवडले जातात, हा चलनबाजाराचा जुना अनुभव आहे, कारण बाजार बंद असताना घोषणा केली की सट्टेबाजांना धावाधाव करायला वाव राहत नाही. ब्रिटनने १८ नोव्हेंबर १९६७ रोजी पौंडाचे अवमूल्यन करून तो २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आणला, तो शनिवार होता. आपल्या रुपयाचे १९६६ मधले अवमूल्यन, ज्यात डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, रविवारी ५ जूनच्या रात्री जाहीर झाले. डॉलर उतरवण्याचा प्लाझा करार २२ सप्टेंबर १९८५ चा, तोही रविवारीच झाला. घोषणा नसली तर निवडणुका असतात, कारण युरोपातल्या अनेक देशांत रविवारी मतदान होते. २३ एप्रिल २०१७ रोजी फ्रान्समध्ये अध्यक्षपदाच्या मतदानाची पहिली फेरी झाली, शुक्रवारी १.०७ डॉलरच्या आसपास बंद झालेला युरो सोमवारी एकदम १.०८ च्या वर उघडला. मधल्या दरांना व्यवहार झालेच नाहीत, त्यामुळे त्या दरांना कव्हर करण्याची संधी कोणालाही मिळाली नाही. शनिवारी ज्या बँकेने युरो विकले असतील, तिने सोमवारी ते चढ्या भावानेच विकत घेतले असणार. असा एखादा रविवार कित्येक शनिवारांची कमाई घेऊन जातो.

भोसरी एमआयडीसी

जुना डीलर साहेबांचे विवेचन पटण्यासारखे आहे, पण ताईंच्या बंधूंना पूर्णपणे चूक ठरवणे मला योग्य वाटत नाही. आमचा यंत्रांचे सुटे भाग निर्यात करण्याचा व्यवसाय आहे, म्हणजे आम्ही डॉलर विकणाऱ्यांच्या बाजूला आहोत. आठवड्यात मी डीलिंग रूमला फोन करतो, दुसऱ्या बँकेचा दर सांगतो, आणि चार-दोन पैसे सुटतात. शनिवारी ही घासाघीस करायला समोर माणूसच नसतो. ॲपवर जो दर आहे तो घ्या, नाहीतर सोमवारपर्यंत थांबा. त्यामुळे वाढलेल्या अंतरात धोक्याचा वाटा किती आणि स्पर्धा नसल्याचा वाटा किती, हे बँक कधी सुटे करून दाखवत नाही. छोट्या रकमांच्या बाबतीत दुसरा वाटाही लहान नसावा, असा माझा कयास आहे.

ताई, आपल्यासाठी एक सूचना. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१९ मध्ये एफएक्स-रिटेल नावाची यंत्रणा सुरू केली आहे. तिच्यात सामान्य ग्राहकालाही बँकांमधल्या बाजाराचा चालू दर दिसतो, आणि बँक त्यावर आपले शुल्क किती घेणार हे आधी सांगते. ही यंत्रणा डॉलर-रुपयासाठी आहे, त्यामुळे युरो पाठवताना तिचा थेट उपयोग होणार नाही. पण युरोच्या दरात डॉलर-रुपयाचा भाग किती आणि बँकेचा किती, हे ताडून पाहायला ती चांगली आहे.

विमाननगर

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी केवळ अभ्यासासाठी एका परदेशी ॲपच्या डेमो खात्यावर युरो-डॉलरचे दर पाहत असतो. शुक्रवारी रात्री उशिरा, बाजार अजून चालू असतानाच, बिड (घेणाऱ्याचा दर) आणि आस्क (विकणाऱ्याचा दर) यांतले अंतर वाढू लागते. सोमवारी पहाटे बाजार उघडल्यावरही ते काही काळ वाढलेलेच राहते. बाजार उघडा असेल तर कव्हर करता येणारच. मग असे का व्हावे?

जुना डीलर

प्रश्न अगदी नेमका आहे. शुक्रवारी रात्री साडेनऊ-साडेदहाच्या सुमारास लंडनचे टेबल उठते, आणि चलनबाजारातला सर्वांत मोठा हिस्सा लंडनचा आहे. पुढे उरतात ते न्यूयॉर्कचे लोक, आणि तेही घरी जाण्याच्या तयारीत असतात. प्रत्येक डीलरला दिवसभरासाठी एक मर्यादा असते आणि मुक्कामी, म्हणजे रात्रभर, पोझिशन ठेवण्यासाठी निराळी, बरीच लहान मर्यादा असते. आठवडाअखेरीस प्रत्येक जण स्क्वेअर होऊ पाहतो, म्हणजे खरेदी-विक्रीचा हिशेब शून्यावर आणू पाहतो. त्यामुळे देणारे-घेणारे असतात, पण दुसऱ्याचा माल अंगावर घ्यायला कोणी तयार नसतो. पहाटे दोन वाजता माझ्याकडून कोणी युरो विकत घेतले, तर ते परत मिळवायला माझ्याकडे अर्धाच तास असतो. त्यामुळे कव्हर करता येईल याची खात्री बाजार बंद होण्याआधीच विरळ होत जाते, आणि अंतर तिच्या मागोमाग वाढते.

सोमवारची पहाट ही त्याचीच दुसरी बाजू. सुरुवातीला वेलिंग्टन आणि सिडनी एवढेच जागे असतात. टोकियोची सकाळ आपल्या साडेपाचला सुरू होते, तोवर व्यवहारांची संख्या थोडी असते. शिवाय त्या वेळी एक निराळा धोका असतो. दोन दिवसांच्या बातम्या साठलेल्या असतात, आणि समोरचा जो माणूस पहिल्याच मिनिटाला मोठी खरेदी करू इच्छितो, त्याला आपल्यापेक्षा काही अधिक ठाऊक असण्याची शक्यता असते. योग्य दर कोणता, यावर चार-सहा मोठ्या बँकांचे एकमत होईपर्यंत कोणीही अंतर कमी करत नाही.

डेमो खात्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने अशा परदेशी ॲपवर प्रत्यक्ष पैसे भरून चलनाची सट्टेबाजी करणे फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात बसत नाही. रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करत आली आहे. त्यात नाव नाही म्हणून एखादे ॲप अधिकृत ठरत नाही. शिवाय तेथे लावलेला स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक तोट्याला व्यवहार आपोआप बंद करण्याची सूचना, सुट्टीच्या आधी किंवा नंतर आपण ठरवलेल्या दराला लागेलच असे नाही. तो उपलब्ध असलेल्या पुढच्या दराला लागतो, आणि कधीकधी तर दर न हलता केवळ अंतर वाढल्यानेच लागतो.

सिंहगडरोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या तर्कात कव्हर करण्याचा मुद्दाच नव्हता. आता व्यवहार आठवड्याच्या मधल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत करायचे ठरवते. त्यासाठी ठरावीक वेळ अधिक सोयीची असते का?

जुना डीलर

सकाळी ९ वाजता बाजार उघडल्यावर पहिला अर्धा तास सोडावा. युरोसाठी दुपारी साडेबारा-एकनंतरची वेळ बरी, कारण तेव्हा युरोपातले डीलर बाजारात आलेले असतात आणि आपला डॉलर-रुपया बाजारही चालू असतो. तीनच्या आत मात्र व्यवहार उरकावा. मुंबईतल्या बँकांच्या सुट्ट्या आधी पाहून ठेवाव्यात, कारण गणेश चतुर्थी सोमवारी आली की साडेपासष्ट तासांचे साडेएकोणनव्वद होतात. युरोपची दिनदर्शिकाही पाहावी; ईस्टरनंतरच्या सोमवारी आपल्याकडे बँका चालू असल्या तरी युरोची सेटलमेंट, म्हणजे प्रत्यक्ष देवघेव, त्या दिवशी होत नाही, आणि मुलीच्या खात्यात पैसे पोहोचायला एक दिवस जास्त लागतो.